दोन तारखांमधील दिवस

बारामतीहून इंदापूरकडे जाऊ लागले, म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभे असलेले उसाचे फड रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसू लागतात. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला "हा ऊस केवढा झाला?" असे विचारावे, तर तो उसाची उंची सांगत नाही की कांड्या मोजून दाखवीत नाही. तो लागणीची तारीख सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस तो आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तो पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीतला तो सुरू, आणि तोडणीनंतर राहिलेल्या बुडख्यांना पुन्हा फूट येऊन वाढलेला तो खोडवा. सुरू ऊस सुमारे बारा महिन्यांत तयार होतो. आडसालीला सोळा ते अठरा महिने लागतात. म्हणूनच साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात लागणीची तारीख लिहून घेतात आणि गाळप हंगाम सुरू झाला, की उसाची जात व ही तारीख पाहून तोडणीचा क्रम लावतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा या भागातील कारखान्यांच्या गावी हंगामात रात्रंदिवस गाड्यांची रीघ लागलेली असते. प्रत्येक गाडीबरोबर एक चिठ्ठी असते, आणि चिठ्ठीवर तारीख असते.

उसाची गाडी वजनकाट्यावरून उतरली, म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने आणखी एका तारखेचा प्रारंभ होतो. ती तारीख पैशाची. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ या केंद्र सरकारच्या आदेशात असे म्हटले आहे, की उभयपक्षी वेगळा लेखी करार झाला नसेल, तर ऊस मिळाल्याच्या तारखेपासून चौदा दिवसांच्या आत कारखान्याने उसाची किंमत चुकती करावी. तशी ती न केल्यास चौदा दिवसांच्या पुढील विलंबाबद्दल दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे व्याज द्यावे. नियम असा दोन ओळींत सांगता येतो. परंतु तो अमलात आणावयाचा, तर एका साध्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते : दोन तारखांमध्ये दिवस किती?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याचा ऊस १८ डिसेंबर २०२३ रोजी काट्यावर गेला आणि त्याची तीन लाख रुपये किंमत त्याला ७ मार्च २०२४ रोजी मिळाली. मध्ये किती दिवस गेले? चावडीवर बसलेल्या तिघांना हे विचारले, तर तीन उत्तरे मिळण्याचा संभव आहे. पहिला म्हणेल, "१८ डिसेंबर ते १८ फेब्रुवारी हे दोन महिने, म्हणजे साठ दिवस, पुढे ७ मार्चपर्यंत एकोणीस, एकूण ७९." दुसरा प्रत्येक महिन्याचे दिवस बोटांवर घेऊन ८० म्हणेल. तिसरा दिनदर्शिकेतील चौकटींवर एकेक बोट ठेवीत जाईल आणि ८१ सांगेल. तिघांपैकी कोणीही लबाडी केलेली नाही. तरीसुद्धा तीन लाखांवर दरसाल दरशेकडा १५ प्रमाणे, वर्षाचे ३६५ दिवस धरून, एका दिवसाचे व्याज १२३ रुपये २९ पैसे होते. एका घराला ही रक्कम फार मोठी वाटणार नाही. पण अशा हजार शेतकऱ्यांचे हिशेब एकेका दिवसाने चुकले, तर सव्वा लाखाला थोडी कमी एवढी रक्कम या खिशातून त्या खिशात जाईल, आणि तिचा कोणाला पत्ताही लागणार नाही.

तिघांची उत्तरे वेगळी का आली, याचा उलगडा शेवटच्या माणसापासून सुरू करणे सोपे आहे. इंदापूरच्या बाजूला द्राक्षांच्या बागा आहेत. अशा बागेत एका ओळीत अकरा खांब रोवले, तर खांबांमधील गाळे दहाच होतात. तारखा म्हणजे खांब आणि दोन तारखांमधील दिवस म्हणजे गाळे. तिसऱ्या माणसाने गाळे मोजावयाच्या ऐवजी खांब मोजले, म्हणून त्याचा एक दिवस वाढला. पण त्याला हसण्याचे कारण नाही. मराठी भाषेलाच खांब मोजण्याची सवय आहे. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत सात दिवस जातात. तरी आपण "आठ दिवसांनी बाजार भरतो" असेच म्हणतो, कारण दोन्ही बाजार आपण मोजणीत धरतो. बाराव्या दिवशी बारसे करतात, त्या बारांत जन्मदिवस हा पहिला असतो. "पंधरा दिवसांनी येतो" असे सांगून गेलेला मनुष्य पुष्कळदा चौदाव्या दिवशी, जाताना होता त्याच वारी, परत येतो, आणि त्याने वचन मोडले असे कोणी म्हणत नाही.

खांब मोजणे सर्वत्र चूक असते, असेही नव्हे. कालव्याचे आवर्तन १ मार्चच्या पहाटे सुरू झाले आणि १० मार्चच्या रात्री बंद झाले, तर पाणी दहा दिवस वाहिले, नऊ नव्हेत. मजुराने सोमवारपासून शनिवारपर्यंत काम केले, तर त्याची हजेरी सहा दिवसांची. जेथे प्रत्येक दिवस कामाचा किंवा उपभोगाचा असतो, तेथे दोन्ही टोके मोजावयाची. जेथे एका घटनेपासून दुसरीपर्यंत गेलेला काळ पाहावयाचा असतो, तेथे एकच टोक. कायद्याने याबाबत संदिग्धता ठेवलेली नाही. १८९७ सालचा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम केंद्रीय कायद्यांतील शब्दांचा अर्थ ठरवितो. अमुक तारखे'पासून' असा शब्द वापरला, म्हणजे ती पहिली तारीख गणनेतून वगळावयाची, असा नियम त्यात आहे. तेव्हा आपल्या उदाहरणात १८ डिसेंबर सोडून द्यावी. १९ डिसेंबर हा पहिला दिवस, ३१ डिसेंबर हा तेरावा आणि १ जानेवारी हा चौदावा. व्याज सुरू होते ते २ जानेवारीपासून.

आता पहिल्या माणसाकडे वळू. त्याने महिना तीस दिवसांचा धरला. व्यवहारात असा महिना सोयीचा असतो, पण दिनदर्शिकेतील महिने तसे नाहीत. मूठ मिटून बोटांच्या पेरांची उंचवटे-खळगे मोजण्याची रीत घरोघर ठाऊक असते : उंचवट्यावर येणारा महिना एकतीस दिवसांचा, खळग्यात येणारा तीस दिवसांचा, आणि फेब्रुवारी मात्र बिचारा अठ्ठावीस किंवा एकोणतीस दिवसांचा. २०२४ हे लीप वर्ष होते. त्यामुळे १८ डिसेंबरनंतर त्या महिन्याचे १३ दिवस, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २९ आणि मार्चचे ७ अशी बेरीज ८० होते. त्यांतून मुदतीचे १४ वजा केले, की विलंबाचे ६६ दिवस उरतात आणि व्याज ८,१३७ रुपयांच्या आसपास येते. दुसऱ्या माणसाचे उत्तर बरोबर होते.

कारखान्यांचा स्वतःचा हिशेब बहुधा पंधरवड्यांनी चालतो. महिन्याच्या १ तारखेपासून १५ पर्यंत एक पंधरवडा आणि १६ पासून महिनाअखेरपर्यंत दुसरा. हा दुसरा पंधरवडा फेब्रुवारीत तेरा किंवा चौदा दिवसांचा असतो आणि डिसेंबरात सोळा दिवसांचा. हिशेब ठेवण्यास ही रीत चांगली आहे. परंतु आदेशातील चौदा दिवस पंधरवडा संपल्यापासून मोजावयाचे नसून ऊस पोचल्यापासून मोजावयाचे असतात. ज्याचा ऊस १ तारखेला काट्यावर गेला, त्याची मुदत पंधरवडा संपतो त्याच दिवशी पुरी होते. नाव एकच, 'पंधरवडा'. पण त्या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळी मापे वावरत असतात.

वस्तुतः पंधरवडा हा शब्द या दिनदर्शिकेचा नव्हेच. तो चंद्राच्या पक्षाचा. एका पक्षात पंधरा तिथी असतात, आणि येथे दिवस मोजण्याच्या कामातली खरी अडचण पुढे येते. ती पाहण्यासाठी बारामतीकरांना किंवा इंदापूरकरांना लांब जावे लागत नाही. दरवर्षी ती त्यांच्या दारावरून चालत जाते.

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघते आणि आषाढ शुद्ध एकादशीच्या सोहळ्यासाठी पंढरपुरास पोचते. वाटेत ती बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी या मार्गाने जाते; बेलवडीचे गोल रिंगण पाहावयास पंचक्रोशीतील माणसे लोटतात. सप्तमीपासून अमावास्येपर्यंत आठ तिथी आणि पुढे एकादशीपर्यंत अकरा, असे एकोणीस तिथींचे हे अंतर आहे. तिथी कधी बदलत नाहीत. मग दिवसही एकोणीसच असावयास हवेत, असे कोणासही वाटेल. आता प्रत्यक्ष पाहा. २०२२ साली पालखी २० जून रोजी निघाली आणि एकादशी १० जुलै रोजी होती : वीस दिवस. २०२३ साली १० जून आणि २९ जून : एकोणीस. २०२४ साली २८ जून आणि १७ जुलै : पुन्हा एकोणीस. २०२५ साली १८ जून आणि ६ जुलै : अठराच दिवस. त्याच दोन तिथी, पण अंतर अठरापासून वीसपर्यंत हालते.

याचे कारण असे, की तिथी ही दिवसाएवढी नसते. सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकला, की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती सदैव सारखी नसल्यामुळे याला कधी सुमारे वीस तास लागतात, तर कधी सत्तावीसच्या जवळपास. सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची तिथी. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आधीच संपली, तर तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. एखादी लांबलेली तिथी दोन सूर्योदय पाहते. तिला वृद्धितिथी म्हणतात. पालखीच्या वाटेवर यांपैकी काय आले, त्यावर दिवस घटतात किंवा वाढतात.

एका आषाढी एकादशीपासून दुसरीपर्यंतचे अंतर तर याहूनही अधिक हालते. २०२२ ची एकादशी ते २०२३ ची एकादशी हे अंतर ३५४ दिवसांचे होते. तेथून २०२४ ची एकादशी ३८४ दिवसांवर आली, कारण २०२३ साली अधिक श्रावण महिना मध्ये पडला. पुढची पुन्हा ३५४ दिवसांवर. "गेल्या वर्षी पालखी याच सुमारास आली होती" एवढ्यावरून पुढच्या वर्षीची तारीख सांगू पाहणारा मनुष्य म्हणूनच हमखास फसतो. पंचांगकर्ता मात्र फसत नाही. का?

त्याच्यापाशी एक युक्ती आहे, आणि ती फार जुनी आहे. महिने लहानमोठे, वर्षे कमीअधिक, तिथी लवचीक; परंतु सूर्य उगवतो आणि मावळतो, तो दिवस अखंड आहे. एका ठरलेल्या दिवसापासून एकेक दिवस मोजीत यावे आणि प्रत्येक तारखेला तिचा क्रमांक द्यावा. मग महिन्यांची व वर्षांची उठाठेव संपते. दोन तारखांमधील अंतर काढणे म्हणजे दोन क्रमांकांची वजाबाकी. भारतीय ज्योतिषात या क्रमांकाला अहर्गण म्हणतात. अहन् म्हणजे दिवस आणि गण म्हणजे समूह. कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ मधील १८ फेब्रुवारी या शुक्रवारी मानून तेथून अहर्गण मोजण्याची प्रथा पडली.

या रीतीने संख्या मात्र फार मोठ्या होतात. गेल्या काही शतकांतील कोणताही दिवस घेतला, तरी कलियुगारंभापासूनचा त्याचा क्रमांक सतरा-अठरा लाखांच्या घरात जातो. कागदावर हातांनी गुणाकार-भागाकार करणाऱ्याला हे ओझेच. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हे वर्ष आरंभाला धरून 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला, तेव्हा त्यांनी ते उतरविले. त्यांनी अकरा वर्षांचे एक चक्र कल्पिले आणि त्याचे दिवस ४०१६ ठरविले. गेलेल्या वर्षांना अकराने भागून चक्रे बाजूला ठेवावयाची आणि उरलेल्या वर्षांपुरताच अहर्गण काढावयाचा. तो चार हजारांच्या आसपासच राहतो. महाराष्ट्रातील पंचांगे कित्येक पिढ्या या ग्रंथावरून तयार होत असत, यात नवल नाही. पंचांग करणारा मनुष्य गणिताचा पंडित असेलच असे नाही, हे त्या ग्रंथकाराने ओळखले होते.

अहर्गणाबरोबर जुन्या ज्योतिष्यांनी एक पडताळाही देऊन ठेवला आहे, आणि तो आजच्या विद्यार्थ्याच्याही उपयोगाचा आहे. अहर्गणाला सातांनी भागावे. जी बाकी राहील, तिच्यावरून वार निघाला पाहिजे. वार जुळला नाही, तर एक मिळवून किंवा एक वजा करून पाहावे. वर दिलेल्या उदाहरणात १८ डिसेंबर २०२३ हा सोमवार होता. ८० ला ७ ने भागले, तर ३ उरतात. सोमवारपासून तीन वार पुढे गेले, की गुरुवार येतो. आणि ७ मार्च २०२४ हा गुरुवारच होता. ७९ म्हणणाऱ्याचा हिशेब बुधवारी थांबला असता, ८१ म्हणणाऱ्याचा शुक्रवारी.

वाराचा हा पडताळा किती कामाचा आहे, हे इतिहासाच्या एका हिशेबात अधिक स्पष्ट दिसते. बारामती हे कविवर्य मोरोपंतांचे गाव. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते कऱ्हेच्या काठी राहिले, आणि तेथेच १५ एप्रिल १७९४ रोजी, चैत्री पौर्णिमेस, मंगळवारी त्यांचा अंत झाला. चैत्री पौर्णिमेसच, शके १६०२ मध्ये, ३ एप्रिल १६८० रोजी शनिवारी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन झाले होते. या दोन पौर्णिमांमध्ये दिवस किती? वर्षे ११४, आणि ३ एप्रिलपासून १५ एप्रिलपर्यंत आणखी १२ दिवस. लीप वर्षांचे जादा दिवस धरून, आणि १७०० हे लीप वर्ष नव्हते हे ध्यानात ठेवून, बेरीज ४१,६४९ येते. सातांनी भागले, तर बाकी ६. शनिवारपासून सहा वार पुढे शुक्रवार. पण मोरोपंत तर मंगळवारी वारले. हिशेब कोठेतरी चुकला आहे.

चूक बेरजेत नाही. ती तारखेत आहे. इ. स. १५८२ पर्यंत युरोपात जुलियस सीझरच्या नावाची कालगणना चालत असे. तीत दर चौथे वर्ष न चुकता लीप वर्ष असे, आणि त्यामुळे शतकांच्या ओघात ती सूर्याच्या मागे पडली होती. त्या वर्षी तेरावे पोप ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवसाला १५ ऑक्टोबर असे म्हणण्याचा आदेश दिला, आणि पुढे शतकाचे वर्ष चारशेंनी भागले जात असेल तरच ते लीप वर्ष मानावे, असा नियम केला. म्हणून २००० हे लीप वर्ष होते, १९०० नव्हते. इंग्रजांनी हा बदल थेट १७५२ साली स्वीकारला. शिवकाळात सुरतेचे इंग्रज जुनीच तारीख लिहीत, आणि शिवचरित्रातील तारखा इतिहासकारांनी त्याच जुन्या पद्धतीने दिल्या आहेत. ३ एप्रिल १६८० ही जुनी तारीख. नव्या गणनेने तो दिवस १३ एप्रिल. हे दहा दिवस वजा केले, की ४१,६३९ राहतात. सातांनी भागून बाकी ३. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. वार जुळला.

येथे आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी सुमारे साडेएकोणतीस दिवस, नेमके सांगावयाचे तर २९.५३०६ दिवस जातात. ४१,६३९ ला या संख्येने भागले, तर उत्तर १४१० महिने, जवळजवळ निःशेष. ४१,६४९ ला भागले असते, तर पौर्णिमेपासून निघून पौर्णिमेला पोचण्याऐवजी आपण वद्य पक्षात दहाव्या दिवसाच्या सुमारास जाऊन पडलो असतो. वार आणि चंद्र हे दोघेही पोप ग्रेगरींच्या आज्ञेबाहेरचे. त्यांनी १० दिवस गाळले, तेव्हाही गुरुवारनंतर शुक्रवारच आला होता. मोडी लिपीतील जुन्या कागदांवर शक, सुहूर सन आणि मुसलमानी चंद्र अशा निरनिराळ्या गणना आढळतात. त्या एकमेकींशी जुळविणारे संशोधक तिथीबरोबर वार लिहिलेला कागद मिळाला, की म्हणूनच सुखावतात.

आज हे सारे काम संगणक करतो. कारखान्याच्या किंवा बँकेच्या कचेरीत व्याजाचा तक्ता क्षणात तयार होतो, तो कोणीतरी लिहून ठेवलेल्या दहापाच ओळींच्या सूचनांवरून. अशा सूचनांच्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. तिच्या पोटात काय चालते? तेथेही अहर्गणच आहे. फक्त कलियुगाच्या जागी आरंभाचा दिवस म्हणून पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० हा दिवस धरतात आणि त्याला शून्य क्रमांक देतात. त्या गणनेत १८ डिसेंबर २०२३ चा क्रमांक १९,७०९ आहे आणि ७ मार्च २०२४ चा १९,७८९. वजाबाकी ८०.

तारखेवरून हा क्रमांक काढताना फेब्रुवारीचा घोटाळा होऊ नये, म्हणून स्क्रिप्ट लिहिणारे पुष्कळदा वर्षाचा आरंभ मार्चपासून धरतात. असे केले, की वाढणारा दिवस वर्षाच्या अगदी शेवटी जातो आणि आधीच्या महिन्यांना धक्का लागत नाही. मार्च ते जुलै या पाच महिन्यांचे दिवस १५३. ऑगस्ट ते डिसेंबर या पाचांचेही १५३. गणित सुटसुटीत होते. ही काही नवी कल्पना नव्हे. प्राचीन रोमन लोकांचे वर्ष मार्चपासूनच सुरू होत असे, आणि सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांतील सप्त, अष्ट, नव, दश हे आकडे त्याची अजून साक्ष देतात. चैत्रापासून वर्ष मोजणाऱ्या मराठी घराला त्यात अनोळखी काय वाटावे?

यंत्र वजाबाकीत चुकत नाही. ते चुकते ते त्याला जे सांगितले गेले त्यात. काही स्क्रिप्टा दिवसांऐवजी सेकंद मोजतात आणि शेवटी ८६,४०० ने भागतात. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात, तेथे वर्षातला एक दिवस तेवीस तासांचा होतो. मग ८० दिवसांचे अंतर ७९ दिवस आणि २३ तास असे निघते आणि अपूर्णांक टाकून देणारी स्क्रिप्ट ७९ सांगते. भारतात आज घड्याळे अशी हलवीत नाहीत, म्हणून ही चूक येथे दबून राहते. एक्सेल या हिशेबाच्या प्रसिद्ध साधनात तर १९०० हे लीप वर्ष मानले आहे आणि कधीही न उगवलेल्या २९ फेब्रुवारी १९०० या दिवसाला ६० हा क्रमांक दिलेला आहे. त्याच्या आधीच्या एका साधनाशी मेळ राहावा म्हणून ही चूक जाणूनबुजून तशीच ठेवली गेली.

परंतु आपल्याकडे अधिक वेळा घडणारी चूक याहून साधी आहे. ७ मार्च २०२४ ही तारीख आपण ७/३/२०२४ अशी लिहितो : आधी दिवस, मग महिना. अमेरिकेत आधी महिना लिहितात. तेथील पद्धतीने बांधलेल्या यंत्राला हीच तारीख दिली, तर ते ३ जुलै २०२४ असे वाचते. १८/१२/२०२३ ला ते अडते, कारण अठरावा महिना नाही. तेथे ते तक्रार करते किंवा दिवस-महिना उलटे करून घेते. ७/३ ला मात्र ते अडत नाही. मुकाट्याने उत्तर देते : १९८ दिवस. त्यावर व्याजाचा आकडा छापला जातो, सही होते, आणि कागद पुढे जातो.

अशा कागदाची छाननी करावयाची, तर यंत्र उघडून पाहण्याची गरज नाही. १९८ ला सातांनी भागावे, बाकी २. सोमवारी ऊस गेला, म्हणजे या हिशेबाप्रमाणे पैसे बुधवारी मिळाले. घरातल्या एखाद्या आजीला विचारावे, की पैसे आले तो वार कोणता. तिला तारीख आठवणार नाही. पण दुसऱ्या दिवशी महाशिवरात्रीचा उपास होता आणि तो शुक्रवारी होता, एवढे तिला पक्के ठाऊक असते.